वार आणि घड्याळ पाहून कुआलालंपूर : चार दिवसांचा प्रवास

नकाशा पाहिला की वाटतं, कुआलालंपूर दोन दिवसांत उरकेल. अंतरं खरोखरच लहान आहेत. गणित चुकतं ते वेळांचं. मशिदी नमाजाच्या वेळी पाहुण्यांना बंद असतात आणि शुक्रवारी दुपारी तर तिकडे जाण्यात अर्थच नसतो. पेट्रोनास मनोरे सोमवारी बंद. त्यात दुपारी तीनच्या पुढे केव्हाही तासाभराचा धो-धो पाऊस. म्हणून इथला कार्यक्रम अंतरावर न बसवता वारावर आणि घड्याळावर बसवायचा. खालचा क्रम बुधवार ते शनिवार असा आहे आणि त्यातला प्रत्येक वार मुद्दाम निवडलेला आहे.

पहिला दिवस, बुधवार : विमानतळ, ब्रिकफील्ड्स आणि रात्रीचे मनोरे

भारतीय पासपोर्टवर १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीची आहे आणि टप्प्याटप्प्याने वाढवत नेली आहे. त्यामुळे तिकीट काढण्याआधी ताजी स्थिती पाहून घ्यावी. व्हिसा नसला तरी 'मलेशिया डिजिटल अरायव्हल कार्ड' मात्र भरावंच लागतं, तेही पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच. ते पूर्ण मोफत आहे. शोध घेतल्यावर पैसे मागणारी तशाच दिसण्याची संकेतस्थळं वर येतात. तिथे कार्डाचा नंबर टाकू नये. परतीचं तिकीट आणि हॉटेलचा पत्ता फोनमध्ये न ठेवता कागदावर घ्यावा, कारण इमिग्रेशनच्या रांगेत नेट चालेलच असं नाही.

मुंबईहून थेट विमानाला साधारण पाच तास लागतात आणि घड्याळ अडीच तास पुढे जातं. रात्री उशिरा निघालं की सकाळी उतरतो, पण हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. हे मधले सहा-सात तास कसे घालवायचे, हाच पहिल्या दिवसाचा प्रश्न.

विमानतळ शहरापासून पन्नासएक किलोमीटर दूर आहे. 'केएलआयए एक्स्प्रेस' ही रेल्वे टर्मिनल १ वरून २८ मिनिटांत आणि टर्मिनल २ वरून ३३ मिनिटांत केएल सेंट्रल या शहरातल्या मुख्य स्थानकाला पोचवते. भाडं माणशी ५५ रिंगिट. एक रिंगिट वीस रुपयांच्या वर पडतो. एकट्या-दुकट्याला ही गाडी उत्तम. चौघांचं कुटुंब असेल तर मात्र २२० रिंगिट होतात आणि ग्रॅबची (ओला-उबरसारखी ॲपवरून बोलवायची) मोटार टोलसकट त्याच्या निम्म्याहूनही कमीत हॉटेलच्या दारात सोडते. फक्त चार माणसांच्या चार मोठ्या बॅगा साध्या गाडीत मावत नाहीत, तेव्हा सहा आसनी गाडी मागवावी. बस सर्वांत स्वस्त, साधारण १५ रिंगिट, पण सकाळच्या गर्दीत तास-सव्वा तास सहज मोडतो. विमानतळावर थोडेच पैसे बदलावे, शहरातल्या मॉलमधल्या काउंटरवर भाव बरा मिळतो. सुट्या नोटा जवळ ठेवाव्या. आणखी एक, प्लगच्या पिना चौकोनी आणि तीन असतात, आपला चार्जर तिथे बसत नाही.

केएल सेंट्रलला सामान लॉकरमध्ये टाकलं की हात मोकळे. हे स्थानक पहिल्यांदा जाणाऱ्याला हमखास चकवतं. एलआरटी (शहरातली हलकी रेल्वे) आणि केटीएम कोम्युटर (उपनगरी लोकल) आतच आहेत, पण मोनोरेल शेजारच्या 'एनयू सेंट्रल' मॉलमधून चालत गेल्यावर लागते. एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं, स्थानक तर वेगळ्याच नावाचं, 'मुझियम नगारा', आणि तिथे जायला लांबलचक जोडमार्ग आहे. सामान घेऊन गाड्या बदलायच्या असतील तर प्रत्येक बदलाला दहा मिनिटं जादा धरावी.

इथेच 'टच अँड गो' कार्ड घ्यावं. एलआरटी, एमआरटी, मोनोरेल, कोम्युटर, बस सगळीकडे हेच चालतं. ते दर माणशी एक लागतं, एकाच कार्डावर दोघं आत जाऊ शकत नाहीत. शिल्लक दहा रिंगिटच्या खाली जाऊ देऊ नये. पैसे भरायला किराणा दुकानांची साखळी किंवा पेट्रोल पंप सोयीचा, पण काही ठिकाणी वर पन्नासेक सेन (अर्धा रिंगिट) घेतात. कार्ड नसेल तर यंत्रातून निळं प्लास्टिकचं टोकन मिळतं. आत जाताना ते फक्त टेकवायचं आणि बाहेर पडताना खाचेत टाकायचं. आत जातानाच खाचेत टाकायला बघणारे पर्यटक रोज रांग अडवतात.

स्थानकातून मोनोरेलच्या बाजूने बाहेर पडलं की आपण ब्रिकफील्ड्समध्ये असतो. १८८१ च्या जानेवारीत आगीनं आणि डिसेंबरात पुरानं कुआलालंपूर हे तेव्हाचं लाकूड-झावळ्यांचं गाव पार धुऊन काढलं. त्यानंतर घरं विटा-कौलांचीच बांधायची असा आग्रह सुरू झाला आणि भट्ट्या इथे लागल्या. पुढे रेल्वेच्या कामासाठी तमिळ आणि सिलोनी माणसं आली आणि वस्ती भारतीय वळणाची झाली. २०१० साली डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत तिला 'लिटल इंडिया' असं रूप देण्यात आलं. सांचीच्या धर्तीवरचं दगडी तोरण भारतानं भेट दिलेलं, त्याचं उद्घाटन २०१५ चं. खरं बघण्यासारखं आहे ते आतल्या गल्ल्यांत. सिंहली बौद्धांचा महाविहार १८९४ चा, विवेकानंद आश्रम १९०४ चा आणि श्री कंदस्वामी कोविल हे जाफनाच्या तमिळांचं देऊळ. तिन्ही मिळून दीड तास पुरे. मुख्य रस्त्यावरचे रंगीत खांब आणि फुलांची दुकानं मात्र मुंबईच्या माटुंग्यात रोज दिसतात, तिथे वेळ घालवू नये.

न्याहारी इथेच करावी, कारण शाकाहारी माणसाला एवढं निर्धास्त खाणं पुन्हा लवकर मिळत नाही. केळीच्या पानावरचं शाकाहारी जेवण १० ते १५ रिंगिट. पान आपल्याकडे दुमडलं की जेवण आवडलं आणि पुरे झालं, असा संकेत.

शाकाहाराबद्दल इथेच सविस्तर सांगितलेलं बरं, कारण सगळ्यात जास्त फसगत त्यातच होते. 'सायूर' म्हणजे भाजी हे खरं, पण भाजी मागितली की शाकाहारी पदार्थ मिळतो हे खोटं. चिनी गाड्यावर पालेभाजी ऑयस्टर सॉसमध्ये, म्हणजे कालवांच्या रसात, परततात. मलय साम्बालमध्ये (मिरचीच्या चटणीत) बेलाचान, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा असतो आणि तो दिसत नाही. नासी लमाक हा नारळाच्या दुधातला भात. भात चालतो, पण वरचा साम्बाल आणि तळलेले बारीक 'इकान बिलिस' मासे बाजूला काढून भागत नाही, कारण साम्बालच त्यात शिजलेला असतो. रोटी चनाईबरोबर येणारी आमटी तर डाळीचीच दिसते, पण वाढणारा सवयीनं वरून मटणाचा किंवा माशाचा रस्सा ओततो. म्हणून ऑर्डर देतानाच 'ढाल साजा', फक्त डाळ, असं सांगायचं. बाकी ठिकाणी 'तक माऊ इकान, तक माऊ डागिंग, तक माऊ उडांग' (मासा नको, मांस नको, कोळंबी नको) असं एकेक नाव घेऊन सांगावं. नुसतं 'व्हेज' म्हटलं की अनेकांच्या मते त्यात अंडं आणि मासा बसतो.

जैन मंडळींना सोयीचा मार्ग अनपेक्षित आहे : चिनी बौद्ध शाकाहारी खानावळी. पारंपरिक पद्धतीच्या खानावळीत कांदा-लसूणही घालत नाहीत. तिथे ताटात कोंबडीची तंगडी किंवा मासा दिसेल, तो सोयाचा किंवा गव्हाच्या प्रथिनाचा असतो, दचकू नये. अंडं आणि कंदमुळं मात्र विचारून घ्यावी.

दुपारी हॉटेल गाठावं. परदेशी पाहुण्यांना दर खोलीमागे दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर असतो आणि तो बहुधा बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो. काउंटरवर मागितला तर वाद घालण्यात वेळ घालवू नये, तो कायदेशीरच आहे.

संध्याकाळी केएल सेंट्रलहून एलआरटीची कलाना जाया मार्गिका पकडावी : पासार सनी, मस्जिद जामेक, डांग वांगी, कांपुंग बारू, मग केएलसीसी, म्हणजे मनोऱ्यांचं स्थानक. स्थानक जमिनीखाली आहे आणि थेट सुरिया मॉलमध्ये निघतं. आज मनोरे फक्त बाहेरून पाहायचे. वर जायचं तिकीट वेळेचं असतं आणि विमान उशिरा आलं तर ते वाया जातं, म्हणून पहिल्या दिवसाचं काढूच नये. सूर्य इथे वर्षभर सातच्या थोडा पुढेमागेच मावळतो. मनोऱ्यांच्या मागच्या ५० एकरांच्या बागेत पावणेसातला जाऊन बसावं. बागेची आखणी ब्राझीलचे रॉबेर्तो बुर्ले मार्क्स यांची. तळ्यातले रंगीत कारंजे संध्याकाळी आठ, नऊ आणि दहाला नाचतात. आठचा खेळ पाहून निघालं की पुढचं जमतं.

पुढचं म्हणजे सलोमा लिंक, क्लांग नदी आणि द्रुतगती मार्ग ओलांडणारा ६९ मीटरचा पादचारी पूल, २०२० साली खुला झालेला. मलय लग्नात विड्याच्या पानांची जी उभी रचना मांडतात, तिच्यावरून याचा आकार घेतला आहे. रात्री तो रंग बदलतो. पुलाच्या या टोकाला काचेच्या इमारती आणि त्या टोकाला कांपुंग बारू, १८९९-१९०० च्या सुमारास मलय शेतकऱ्यांसाठी राखून ठेवलेली वसाहत. तिथे अजून खांबांवरची लाकडी घरं उभी आहेत आणि त्यांच्या छपरामागे मनोरे दिसतात. मांसाहारी असाल तर रात्रीचं जेवण इथेच. भाजलेला मासा, साते (काडीवर भाजलेलं मांस), नासी लमाक, सगळं रस्त्याकडेला. परतीला कांपुंग बारू स्थानकच जवळ पडतं. फुटपाथवरून चालताना पिशवी रस्त्याच्या बाजूच्या खांद्यावर घेऊ नये. मोटारसायकलवरून हिसका मारणारे असतात.

दुसरा दिवस, गुरुवार : जुनं गाव आणि दोन मशिदी

गुरुवार निवडला तो मशिदींसाठी. आजचा जवळजवळ सगळा दिवस पायी आहे. गुडघे झाकतील असे कपडे आणि पटकन निघतील अशी पादत्राणं घालावी.

साडेआठला मस्जिद जामेक स्थानकाबाहेर पडून आधी मर्देका चौकात जावं. उन्हं वाढल्यावर त्या उघड्या हिरवळीवर पाच मिनिटंही उभं राहवत नाही. ३० ऑगस्ट १९५७ च्या मध्यरात्री इथे युनियन जॅक उतरला. स्वातंत्र्याची घोषणा मात्र इथली नव्हे. ती दुसऱ्या दिवशी सकाळी, मर्देका स्टेडियममध्ये पहिले पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांनी केली. बरेच गाइड दोन्ही प्रसंग एकाच जागी सांगून मोकळे होतात. समोरची सुलतान अब्दुल समद इमारत १८९७ ची, मधला घड्याळाचा मनोरा ४१ मीटरचा. तांब्याचे घुमट आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी पाहून मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाची किंवा मद्रासच्या उच्च न्यायालयाची आठवण होते ती योग्यच आहे. इंग्रजांनी भारतात घडवलेली इंडो-सारासेनिक शैली इथल्या सरकारी वास्तुविशारदांनी उचलली. गंमत अशी की मलय सुलतानांच्या मुलखात अशी मुघली धाटणी त्याआधी नव्हतीच.

दहाच्या सुमाराला जामेक मशीद पाहुण्यांसाठी उघडते. सकाळी साडेबारापर्यंत आणि मग अडीच ते चार या तिच्या साधारण वेळा, शुक्रवारी बंद. वास्तुविशारद आर्थर बेनिसन हबॅक यांनी ती १९०९ मध्ये बांधली. गोंबाक आणि क्लांग नद्यांच्या नेमक्या संगमावर, जिथे १८५७ साली कथलाच्या खाणी शोधणारे चिनी मजूर होड्यांतून उतरले होते. झगे आणि ओढण्या दारात मोफत मिळतात. नदीकाठी रात्री निळे दिवे आणि धुक्याचे फवारे सोडतात. ज्यांना ते पाहायचंय त्यांनी परतताना डोकवावं, पण त्यासाठी खास येण्याइतकं ते नाही.

या संगमाला पूर येतोच. त्यावरचा उपाय जमिनीखाली आहे : २००७ पासून वापरात असलेला 'स्मार्ट' बोगदा, ९.७ किलोमीटरचा. त्याच्या मधल्या भागात दोन मजली मोटाररस्ता आहे. पाऊस फार झाला की वाहनं काढून घेऊन तो रस्ताच पुराच्या पाण्याला देतात.

संगमापासून दक्षिणेला मेदान पासार हा जुना बाजारचौक. इथे यॅप आ लॉयचा बाजार होता. हा हक्का चिनी माणूस १८६८ ते १८८५ गावाचा कापितान, म्हणजे चिनी वस्तीचा प्रमुख, होता आणि यादवी युद्धात जळालेलं गाव त्यानं पुन्हा उभं केलं. दुकानघरांच्या तळमजल्यासमोर जी छपराखालची वाट दिसते, ती साधारण पाच फूट रुंद ठेवण्याचा जुना नियम आहे. पाऊस आला की याच वाटेनं पुढे सरकायचं, छत्रीची गरज निम्मी कमी होते. मात्र दर दुकानाचा ओटा वेगळ्या उंचीचा असतो, पायाखाली बघावं.

सेंट्रल मार्केट १८८८ ची मंडई, आजची निळी इमारत १९३७ ची. आत बाटिक, कथलाच्या वस्तू, वेताचं काम. घासाघीस चालते, पण क्रॉफर्ड मार्केटइतकी नाही. दहा-वीस टक्क्यांवर थांबावं. जेवण वरच्या मजल्यावर किंवा बाहेरच्या मामक हॉटेलात. तमिळ मुसलमानांची ही हॉटेलं बहुधा चोवीस तास चालतात. तिथे तेह तारिक प्यावा. तो आटवलेल्या गोड दुधाचा असतो आणि आपल्या अमृततुल्यवाल्यालाही लाजवेल इतका गोड. 'कुरांग मानिस' म्हटलं की साखर कमी होते. बिनदुधाचा हवा असेल तर 'तेह ओ' आणि साखरही नको असेल तर 'तेह ओ कोसोंग'.

साडेबारापासून तीनपर्यंत इस्लामिक कला संग्रहालय. वेळ मुद्दाम ही, कारण बाहेर ऊन असतं नाहीतर पाऊस आणि राष्ट्रीय मशीद तीनपर्यंत बंद असते. वाटेत जुनं कुआलालंपूर रेल्वे स्थानक लागतं, १९१० चं, हबॅक यांचंच. घुमटीच्या छत्र्या, मिनार, नालाकृती कमानी. आत मात्र चक्क लोखंडी छपराची इंग्रजी रेल्वे. संग्रहालय १९९८ चं आहे आणि आमच्या मते सगळ्या शहरात पैसे वसूल होणारं पहिलं तिकीट याचंच. मशिदींच्या लहान प्रतिकृतींचं दालन आधी पाहावं : चीनमधली मशीद पॅगोडासारखी, मलय मशीद तीन टप्प्यांच्या उतरत्या छपराची. ते पाहिल्यावर शहरातल्या मशिदी वाचता येतात. भारताचं स्वतंत्र दालन आहे, मुघल जडजवाहीर आणि कापडाचं. मलय कुराणांच्या हस्तलिखितांवरची वेलबुट्टी त्याच्याशी ताडून बघण्यासारखी.

तीन वाजता पलीकडची राष्ट्रीय मशीद, १९६५ ची. पाहुण्यांच्या वेळा साधारण सकाळी नऊ ते बारा, दुपारी तीन ते चार आणि साडेपाच ते साडेसहा. तासाभराची दुपारची खिडकी चुकली तर दीड तास बसून राहावं लागतं. घुमट नाही हेच तिचं वैशिष्ट्य. अर्धवट उघडलेल्या छत्रीसारखं घडीचं निळं छप्पर, शेजारी ७३ मीटरचा मिटलेल्या छत्रीचा मिनार. पंधरा हजार माणसं मावतात, पण संगमरवरी व्हरांड्यांमुळे गर्दीतही हवा खेळती राहते. मुख्य दालनात पाहुण्यांना दोरीपलीकडे सोडत नाहीत.

पाऊस थांबला की ग्रॅबनं तियान हौ देवळाकडे. जवळ रेल्वे नाही आणि केएल सेंट्रलकडून चालत यायचा चढ अंगावर येतो. भाडं दहाएक रिंगिट. हैनान बेटावरून आलेल्या चिन्यांनी बांधलेलं, १९८९ मध्ये खुलं झालेलं सहा टप्प्यांचं हे देऊळ समुद्रदेवी माझूचं आहे. दर्यावर्दी लोकांची देवता. देवळातच विवाहनोंदणी कार्यालय आहे, त्यामुळे शनिवार-रविवारी नवरा-नवरींच्या फोटोंतून वाट काढावी लागते. गुरुवारी संध्याकाळी सहानंतर शांत असतं आणि दिवे लागलेले असतात. उतरताना ग्रॅब वरच बोलवावी, खाली रस्त्यावर गाडी थांबायला जागा नाही.

तिसरा दिवस, शुक्रवार : बाटू गुहा, चायनाटाउन, मनोऱ्यांच्या वर

शुक्रवारी मशिदीकडे वळायचं नाही, म्हणून आज बाकीचे देव. केएल सेंट्रलहून केटीएम कोम्युटर थेट बाटू केव्ह्जला जाते, भाडं अडीच रिंगिटच्या आसपास, वेळ अर्ध्या तासाच्या वर. अडचण एकच. गाड्या अर्ध्या ते एका तासानं सुटतात, तेव्हा आदल्या रात्री वेळापत्रक बघून ठेवावं. मधले डबे फक्त स्त्रियांसाठी असतात, फलाटावर गुलाबी खूण बघून उभं राहावं. आठपर्यंत पोचलं तर ऊन आणि बसभर पर्यटक दोन्ही टळतात.

स्थानकातून बाहेर पडताच हिरवा हनुमान दिसतो, १५ मीटरचा, रामायण गुहेच्या दाराशी. मुरुगनचा, म्हणजे कार्तिकेयाचा, सोनेरी पुतळा त्याच्या पुढे, ४२.७ मीटर, २००६ साली उभारलेला. त्याच्या बाजूनं २७२ पायऱ्या. आजचे भडक रंग २०१८ चे. पायऱ्या अरुंद आणि उभ्या आहेत, पाऊल आडवं टाकून चढावं. उतरताना कठड्याच्या बाजूनं यावं. गुडघ्याच्या वर कपडे असतील तर पायथ्याशी भाड्यानं लुंगी घ्यावी लागते. माकडं आपल्या जेजुरी-सप्तशृंगीच्या माकडांइतकीच निर्ढावलेली आहेत. प्लास्टिकची पिशवी हातात दिसली की ती खाण्याची, असं त्यांचं सरळ गणित. पाण्याची बाटलीही पाठपिशवीत घालावी.

वर मोठी गुहा, छताला भोक, त्यातून पडणारा उजेड. आणि आत देऊळ. १८९०-९१ च्या सुमाराला तंबुसामी पिल्लै यांनी इथे मुरुगनची स्थापना केली आणि १८९२ पासून तैपूसम हा त्याचा उत्सव भरू लागला. त्या जानेवारी-फेब्रुवारीच्या दिवसांत लाखो माणसं येतात, कावडी घेऊन, गालातून सळ्या टोचून. नुसतं गुहा पाहायला येणाऱ्यानं ते दिवस टाळावे. उत्सवच पाहायचा असेल तर मध्यरात्रीच यावं. आपल्याकडे पुण्याच्या पर्वतीवर कार्तिकेयाचं दर्शन बायका घेत नाहीत. इथे मुरुगन वल्ली आणि देवसेनेसह नांदता आहे आणि कावडी घेणाऱ्यांत बायकाही असतात.

अकरापर्यंत परतून पासार सनीला उतरावं. महामारीअम्मन देवळाची स्थापना १८७३ ची, पाच टप्प्यांचं गोपुर जवळपास २३ मीटरचं. तैपूसमचा चांदीचा रथ इथूनच निघून बाटूला जातो. चपला बाहेर ठेवायचे थोडे सेन. बारानंतर गाभारा बंद होण्याची शक्यता, म्हणून हे पहिलं. रस्त्याच्या पलीकडेच ग्वान दी, युद्धदेवतेचं लाल देऊळ, धुरानं डोळे चुरचुरतात. पाच मिनिटांवर सिन झे सी या, १८६४ चं, यॅप आ लॉयनं स्थापलेलं. ते सापडत नाही ही नेहमीची तक्रार. दुकानांच्या मधल्या अरुंद बोळातून आत जावं लागतं आणि देऊळ रस्त्यांच्या रेषेला तिरकं बसवलेलं आहे, फेंगशुईच्या हिशेबानं. आत संस्थापकाचीही पूजा होते. वेदीखालून वाकून तीनदा जाणारे लोक दिसतील, ते नशिबासाठी.

पेटालिंग स्ट्रीटच्या छपराखालची घड्याळं आणि बॅगा नकली आहेत. तिथे फक्त खायला थांबावं. कुआलालंपूरची खास होक्कियन मी म्हणजे जाड नूडल्स काळ्या सोया सॉसमध्ये कोळशावर परतलेल्या, डुकराच्या चरबीच्या चुऱ्यासकट. शाकाहाऱ्यांनी आणि डुकराचं मांस न खाणाऱ्यांनी तिच्या वासावरही जाऊ नये. चेंदोल मात्र सगळ्यांना चालतं : बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, ताडगूळ, हिरव्या शेवया.

मनोऱ्यांचं तिकीट संध्याकाळी साडेपाच-सहाचं काढावं, चार-पाच दिवस आधी. मावळतीच्या वेळा सर्वांत आधी संपतात. शुक्रवारी दुपारी प्रार्थनेसाठी मध्यंतर असतं, ते लक्षात ठेवावं. फेरी पाऊण तासाची. आधी ४१व्या मजल्यावरचा जोडपूल, मग ८३व्या मजल्यावर लिफ्ट बदलून ८६वा. पुलावर दहा मिनिटांच्या वर थांबू देत नाहीत. हा पूल मनोऱ्यांना घट्ट जखडलेला नाही. वाऱ्यानं दोन्ही मनोरे वेगवेगळे डुलतात, म्हणून तो टोकांशी सरकता ठेवला आहे. वास्तुविशारद सेझार पेली यांच्या या ४५२ मीटरच्या इमारतीची खरी गोष्ट मात्र जमिनीखाली आहे. सकाळी ज्या चुनखडीच्या डोंगरात चढलात, तोच खडक इथेही खाली आहे, पण उतरता आणि पोकळ्यांनी भरलेला. मूळ जागी निम्मा पाया खडकावर आणि निम्मा मातीत पडला असता. म्हणून इमारत साठेक मीटर सरकवली आणि पाया खडकाला न टेकवता मातीतच, ११४ मीटरपर्यंत खोल खांबांवर उभा केला.

खाली उतरून वातानुकूलित पादचारी पुलानं सव्वा किलोमीटर चाललं की बुकित बिंतांग. रात्रीची जालान आलोर गल्ली तिथून जवळ. गाड्यांवरचे भाव पाटीवर असतात, पण खेकडा आणि मासा वजनावर विकतात. वजन करून, आकडा ऐकूनच होकार द्यावा.

चौथा दिवस, शनिवार : पुत्रजाया आणि परत

पुत्रजाया ही सरकारी कचेऱ्यांची नवी वसाहत, १९९५ पासून बांधलेली. पंतप्रधानांचं कार्यालय १९९९ मध्ये इथे आलं. तीन तास पुरेत. सकाळी आठला केएल सेंट्रलहून 'केएलआयए ट्रान्झिट' किंवा तुन रझाक एक्स्चेंजहून एमआरटी घ्यावी. दुसरी स्वस्त, पण पाऊण तासाची. स्थानकापासून पुढे बसची वाट न बघता ग्रॅब करावी, कारण रस्ते रुंद आहेत आणि सावली कुठेच नाही. नऊला पुत्रा मशीद उघडते, गुलाबी ग्रॅनाइटचा घुमट, तीन बाजूंना तळं. झगा मिळतो. फोटो मशिदीतून न काढता तळ्याच्या पलीकडच्या पुलावरून काढावा, तिथून घुमट आणि पाणी एकत्र येतात. ज्यांना अशा आखीव शहरांचं कौतुक नाही, त्यांनी हे सगळं सोडून बुकित नानासच्या राखीव जंगलात जावं. १९०६ पासून राखलेलं हे रान ऐन शहरात, केएल टॉवरच्या पायथ्याशी आहे.

दुपारी सामान घेऊन निघताना तिकिटावर टर्मिनल पुन्हा एकदा बघावं. १ आणि २ वेगळ्या इमारती आहेत, गाडीची स्थानकंही वेगळी. चुकून दुसरीकडे उतरलात तर मधली गाडी तीन मिनिटांची आणि भाडं दोनच रिंगिट, पण ती लगेच सुटेल असं नाही आणि बॅगा घेऊन फलाट गाठण्यात अर्धा तास जातो. टच अँड गो कार्डावरची शिल्लक परत मिळवण्याच्या खटपटीत पडू नये. कार्ड पाकिटात ठेवून द्यावं, पुढच्या वेळी किंवा शेजाऱ्याला उपयोगी पडतं.